गोडी छाटणी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूला कोणी विचारत नाही.
मी गोणीभर आणते रविवार कारंज्यावरून,
स्कूटरवर पायांत गोणी, गोणीवर फुटाणी,
कान वाऱ्यावर टाकून,
जणू सगळा बाजार तिच्याच बापाचा.

घरी पातेल्यात पाकळ्या रटरटतात.
तुरटी घातली तर पिवळा टिकतो,
गंजके खिळे घातले तर शेवाळी होतो,
काहीच नाही घातलं तर आठ दिवसांत उडून जातो.
एवढं कळायला मला तीन शरद लागले.
हृषी विचारतो, त्या पातेल्यात भाजी कधी करणार?
मी म्हणते, तू कर.
तो करतो. पिवळी होते. खातो.

दुपारचं ऊन अजून पाठीवर इस्त्री फिरवतं,
पण पहाटे गोदेवर वाफ धरते
आणि मफलर काढायचा की नाही
यावर आमचा रोजचा छोटा वाद.

मखमलाबादच्या पुढे काकडांच्या मळ्यात
गोडी छाटणी चाललीय.
मांडवाखाली काड्यांचा खच.
न्या न्या, रंगनाथ काकड म्हणतात,
नायतरी जाळायच्याच हायेत.
हृषी निवडत बसतो, करंगळीएवढ्या, सरळ.
एकेक वाकवून कानाशी धरतो,
मोडण्याआधी ती काय बोलते ते ऐकत.

कापल्या टोकांतून पाणी ठिबकतंय.
वेल रडायला लागली, काकड सांगतात,
रडली म्हंजे बरं, मुळं जागी हायेत.
फुटाणी एका टोकाखाली तोंड वर करून बसलेली.
मी हाक मारते तर म्हणतात,
पेस्ट नाय लागली आजून त्या ओळीला, चाटू द्या.
थेंब. जीभ.
थेंब.

तिथून रामशेज.
सोनकी सरत आलीय, गवत गुडघ्याएवढं आणि वाळकं.
वर पोचेपर्यंत मोज्यांत, ओढणीत, शेपटीत
कुसळंच कुसळं.

रात्री ओट्यावर ती मध्ये आडवी,
अंगातली कुसळं काढत आम्ही दोन बाजूंना.
फणी त्याच्याकडे, चिमटा माझ्याकडे.
इथेच आमची भांडणं होतात,
कारण हात अडकलेले असतात
आणि उठून जाता येत नाही.
काल भांडलो तीन महिन्यांच्या वीजबिलावरून.
तो म्हणाला, तुझ्या शाईसाठी शेगडी दिवसभर चालू.
मी म्हणाले, तुझ्या काड्या भिजत पडल्यात
न्हाणीघरात, मी आंघोळ करते उभ्यानं.
मग दोघांनाही एकदमच ती म्हण आठवली,
कुसळाची आणि मुसळाची.
कोण आधी हसलं त्यावरही एकमत नाही.
फुटाणीनं झोपेतच एक पाय ताणला,
पोटाखालचं राहिलंय, तेवढं काढा म्हणून.

पहिली टोपली काकडांनाच दिली.
त्यांनी ती उलटी केली, बुडावर थापट मारली,
उजेडात धरून आरपार पाहिलं.
घड नाय ठेवता यायचे, म्हणाले,
खालचे मणी दबतील.
हृषीचा चेहरा पडला.
मी बॉनेटवर ठेवलेली शाईची बाटली उगाच हलवत राहिले.

परवा गेलो तर
टोपली गोठ्याच्या कोपऱ्यात, तळाला भुसा,
आणि वर एक तांबडी कोंबडी
डोळे अर्धे मिटून खुडूक बसलेली.
आठ अंडी हायेत, काकड म्हणाले आवाज खाली घेऊन,
जणू आत कोणाचं बाळंतपण.
घाटाची टोपली हिला कधी मानवली नाय,
हिच्यात मातर बसली.

आम्ही बोटांवर एकवीस दिवस मोजले.
तुळशीच्या लग्नाच्या आसपास येतात.

फुटाणी चार हातांवर थांबली.
पंजे अजून पिवळे, कारण पातेलं सांडलं होतं
आणि फरशीवरचे ठसे आम्ही पुसले नाहीत.
पुढे जावं की नको,
तिनं हृषीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
मग तिथंच बसली, पहारा दिल्यासारखी.